मास्तर, मेष्ट्रु आणि एकच रस्ता

दरवर्षी पहिल्या वर्षाचा वर्ग थोडा रुळला, की कुणीतरी एक प्रश्न विचारतेच. ‘सर, तुमचे ऑल टाइम फेव्हरिट सिनेमे कोणते?’ मी मराठी शिकवतो, सिनेमा शिकवत नाही. पण वर्गात एखादी कथा समजावताना माझे बोट पडद्याकडे वळते, हे पोरांनी चांगले हेरलेले असते. इतकी वर्षे मी त्या त्या दिवशी सुचतील ती नावे सांगून सुटका करून घेत होतो. गेल्या वर्षी एका मुलाने वहीच पुढे केली आणि म्हणाला, ‘लिहूनच द्या की सर, पाचच.’

घरी येऊन शांतपणे लिहायला बसलो. पाच नावे कागदावर उतरली : ‘नागरहावु’ (१९७२), ‘पिंजरा’ (१९७२), ‘सामना’ (१९७५), ‘बनगरवाडी’ (१९९५) आणि ‘सरकारी हिरिय प्राथमिक शाळे, कासरगोडु’ (२०१८). तीन मराठी, दोन कन्नड. आमच्या घरात भाषांचे प्रमाणही साधारण असेच आहे. माझे वडील खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेवर गुरुजी होते. आई बैलहोंगलकडची, माहेर पूर्ण कन्नड. तिला आम्ही भावंडे अव्वाच म्हणतो. चूल कन्नडमध्ये पेटायची, देवपूजा मराठीत व्हायची आणि भांडण ज्याला ज्या भाषेत जिंकता येईल त्या भाषेत चालायचे. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

यादीकडे पुन्हा पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या पाचही चित्रपटांत एक तर मास्तर आहे, नाही तर शाळा आहे. मराठीत त्याला गुरुजी किंवा मास्तर म्हणतात, कन्नडमध्ये मेष्ट्रु. शब्द एकाच घराण्यातला, फक्त सीमेवर कपडे बदललेला. मी मास्तराचा मुलगा, स्वतः मास्तर, तेव्हा हे व्हायचेच, असे कुणी म्हणेल. पण आणखी एक गोष्ट होती. यातली बहुतेक मुलखे आमच्या दारावरून जाणाऱ्या एकाच रस्त्याला लागून आहेत. पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा चार नंबर, आता अठ्ठेचाळीस. उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला चित्रदुर्ग आणि मधे बेळगाव. म्हटले, सुट्टीत या आवडत्या चित्रपटांच्या गावांना एकदा पाय लावून यावे.

दक्षिणेकडे

दिवाळीच्या सुट्टीत अव्वाला घेऊन निघालो. तिचे वय एकोणसत्तर, गुडघे कुरकुरतात, पण चित्रदुर्ग म्हटल्यावर ती माझ्या आधी तयार होऊन बसली होती. ‘नागरहावु’ तिने लग्नाआधी चुलत बहिणींबरोबर पाहिला होता. चुरमुऱ्याची पुडी, चार बहिणी आणि बरोबर राखण म्हणून एक मामा. विष्णुवर्धनच्या रामाचारीला पाहून त्यातल्या दोघी दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या म्हणे. त्या दोघींत आपण होतो की नाही, हे अव्वा आजही सांगत नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात कॉलेजात एक प्रसंग घडला होता. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका हुशार मुलीचे वडील मला भेटायला आले. साधा, कष्टाळू माणूस. टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, ‘सर, चांगलं स्थळ आलंय. पोरगी पुढं शिकतो म्हणून हटून बसली आहे. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तुम्ही एकदा सांगा की.’ मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि विचार करून कळवतो म्हणालो. ती विनंती घेऊनच मी गाडीत बसलो होतो.

कित्तूर मागे पडले, धारवाडला पेढे घेतले, हुबळी आली. हुबळीत मी अव्वाला सांगितले, की ‘पिंजरा’ काढणारे व्ही. शांताराम कोल्हापूरचे खरे, पण पोरवयात याच गावात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये राबले, आणि इथल्याच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करता करता सिनेमाच्या नादाला लागले. अव्वा म्हणाली, ‘म्हणजे तुझ्या बाबांचा सिनेमा आमच्या हुबळीत शिकला म्हण की.’ तिने त्या एका वाक्यात सीमाप्रश्नच सोडवून टाकला.

पुढे हावेरी. इथल्या वेलदोड्याच्या माळा लग्नकार्यात, सत्कारात मानाच्या. ब्याडगीची मिरचीही याच जिल्ह्यातली. हरिहरला तुंगभद्रा ओलांडली आणि दावणगेरेला बेण्णे दोसा खाल्ला. लोण्यात न्हालेला तो दोसा पाहून अव्वाने डॉक्टरांचे नाव काढायचे नाही, अशी ताकीद दिली. बेळगावपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर डोंगरांच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसू लागल्या, की समजावे दुर्ग जवळ आला. तिकडचे लोक नुसते ‘दुर्ग’च म्हणतात.

चित्रदुर्गचा किल्ला आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखा नाही. इथे काळा कातळ नाही, ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे आहेत. कुणी खेळता खेळता एकावर एक ठेवून निघून जावे तसे. त्या धोंड्यांच्या फटींतून भिंती ओवल्या आहेत. सात फेऱ्यांचा म्हणून कन्नडमध्ये त्याला ‘एळु सुत्तिन कोटे’ म्हणतात. इथल्या नायकांचा शेवटचा राजा मदकरी नायक. त्याच्याकडून हैदर अलीने १७७९ मध्ये हा किल्ला घेतला.

वेढ्याच्या काळातली ओबव्वाची कथा कर्नाटकात पोराटोरांना पाठ असते. पहारेकरी नवरा जेवायला बसला होता, ही पाण्याला गेली, आणि खडकातल्या एका अरुंद फटीतून शत्रूचे शिपाई एकेक करून आत शिरताना तिने पाहिले. हातात मुसळ घेऊन ती फटीपाशी उभी राहिली. मुसळाला कन्नडमध्ये ‘ओनके’, म्हणून ती ओनके ओबव्वा. पुट्टण्णा कणगाल यांनी ‘नागरहावु’त ही कथा एका गाण्यात गुंफली आणि जयंतींनी ओबव्वा उभी केली. ती फट आजही दाखवतात. तिच्यातून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, तोही वाकून. अव्वा तिथे थांबली. वाटाड्या कन्नडमधून तारखा सांगत होता. अव्वा मधेच म्हणाली, ‘जेवणाच्या वेळी पाणी आणायला बाईच गेली, म्हणून किल्ला वाचला. हे पण सांग की बाळा.’ वाटाड्या हसला आणि म्हणाला, ‘हौदु अम्मा.’

आता कथेकडे येतो. ‘नागरहावु’ म्हणजे नाग. तरासु म्हणजे टी. आर. सुब्बराव यांच्या तीन कादंबऱ्यांवर हा चित्रपट उभा आहे. रामाचारी हा डोके फिरले की फणा काढणारा पोरगा. साऱ्या गावात तो एकाच माणसाचे ऐकतो, ते म्हणजे चामय्या मेष्ट्रु. के. एस. अश्वथ यांनी हे मेष्ट्रु इतके मायेने रंगवले आहेत, की मीही वर्गात त्यांच्यासारखे बोलायचा प्रयत्न करतो, असे माझी बायको म्हणते. रामाचारीचे अलमेलूवर प्रेम. जात आड येते. मुलीच्या घरचे मेष्ट्रुंकडे जातात : तुमचा शब्द तो मोडणार नाही, तुम्ही सांगा. मेष्ट्रु सांगतात. पोरगा त्यांच्या शब्दाखातर प्रेम सोडतो. अलमेलूचे दुसरीकडे लग्न होते आणि तिच्या आयुष्याची माती होते. पुढे रामाचारी मार्गारेटच्या प्रेमात पडतो, तेव्हाही मेष्ट्रु आड येतात. त्या वादात मेष्ट्रु कड्यावरून कोसळतात, आणि त्यांच्यामागे ती दोघेही जीव देतात.

हा चित्रपट मी पाच-सहा वेळा पाहिला आहे. पण मुलीच्या घरच्यांचे शब्द आणि माझ्याकडे टोपी हातात घेऊन आलेल्या त्या बापाचे शब्द जवळजवळ एकच आहेत, हे त्या धोंड्यांमध्ये उभे असताना जाणवले. अव्वाला सारे सांगितले. अक्का-तंगी नावाच्या तळ्याजवळ ती सावलीत बसली होती. गुडघ्यावर हात चोळत म्हणाली, ‘बाकी सगळं खरं, पण चामय्या मेष्ट्रुंनी आकिन्न केळिद्रेनु?’ त्यांनी त्या पोरीला विचारले का? पन्नास वर्षे तिला हा प्रश्न पडला होता. रामाचारीला समजावले, आईबापांना धीर दिला, सगळे केले. अलमेलूला काय हवे, ते मात्र कुणी विचारलेच नाही.

घरी

परत आल्यावर मी त्या मुलीला स्टाफरूममध्ये बोलावले आणि एवढेच विचारले, ‘तुझे वडील आले होते. त्यांना काय सांगायचे ते मी ठरवणार नाही. तुला काय हवे आहे?’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘सर, मला लग्न नको असं मी कुठं म्हटलंय? बी.एड. होईपर्यंत थांबा म्हणते. पण घरात हे पूर्ण वाक्य मला कुणी बोलूच देत नाही.’ तुमच्या वतीने मी बोलू का, असे विचारले तर मान हलवली. ‘तुम्ही नुसते बसा सर. बोलते मी.’ एका रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन नुसता बसलो. पोहे खाल्ले. ती वीस मिनिटे बोलली, अर्धे मराठीत, आजीसाठी अर्धे कन्नडमध्ये. वडील एकदाही मधे बोलले नाहीत, बहुधा मी बसलो होतो म्हणून. आता दोन वर्षांचे ठरले आहे. पुढचे पुढे.

बेळगावच्या बाबतीत सांगायचा यादीतला चित्रपट म्हणजे कासरगोडची शाळा. रिषभ शेट्टींचा हा चित्रपट २०१८ च्या ऑगस्टमध्ये आला आणि पुढे त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कासरगोड केरळात आहे, पण तिथे कन्नड बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते केरळकडे गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. चित्रपटातल्या कन्नड शाळेत मल्याळी मास्तर येतो, त्याचे पोरांना कळत नाही आणि पोरांचे त्याला. मग शाळाच बंद करायचा घाट घातला जातो. पोरे म्हैसूरहून अनंतपद्मनाभ नावाच्या एका अवलिया गृहस्थाला घेऊन येतात आणि तो कोर्टात उभा राहतो. ही भूमिका अनंत नाग यांची. त्यांच्या नटपणाची सुरुवात मुंबईच्या रंगभूमीवर झाली आणि तिथे त्यांनी मराठी नाटकेही केली, हे आपल्या वाचकांपैकी जुन्यांना ठाऊक असेल.

हा चित्रपट मी अव्वा आणि बाबांबरोबर थिएटरात पाहिला. बाबांनी थिएटरात पाहिलेला तो शेवटचा चित्रपट ठरला. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांना कन्नड उत्तम येत असे, पण चित्रपट मात्र मराठीच, असा त्यांचा बाणा. अव्वाने हट्टाने नेले होते. पोरे हसत होती, थिएटर हसत होते, बाबाही हसले. मग ती रिकाम्या होत जाणाऱ्या वर्गाची दृश्ये आली आणि ते पुढे सरकून बसले. ज्या शाळेत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, तिचा पट तोवर हाताच्या बोटांवर आला होता. गावातली पोरे व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जात होती, त्यांत आमच्या नात्यातलीही होती. बाहेर पडल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. रिक्षात बसताना म्हणाले, ‘आपलीच शाळा की ही.’ अव्वा म्हणाली, ‘आपली म्हणजे कुणाची? कन्नड शाळा आहे ती.’ बाबा म्हणाले, ‘तेच म्हणतोय.’

मराठी शाळेच्या गुरुजीला कन्नड शाळेची गोष्ट आपली वाटली, ती केरळातल्या सीमेवर घडते म्हणून. सीमेवरचे दुःख कुठल्या बाजूला कोणती भाषा आहे हे पाहून येत नाही. ज्याची भाषा त्या जागी थोड्यांची, त्याची शाळा आधी रिकामी होते.

उत्तरेकडे

उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तरेचा रस्ता धरला. या खेपेला एकटाच होतो, एसटीने. संकेश्वर सोडले, तवंदी घाट उतरला आणि निपाणी आली. कोगनोळी नाका ओलांडला की पाट्या बदलतात, ऊस बदलत नाही. दोन्ही राज्यांत तोच ऊस, तेच ट्रॅक्टर, कारखान्याच्या धुराड्याचा तोच गोडसर, आंबूस वास. हा पट्टा पाहिला की मला ‘सामना’ आठवतोच. डॉ. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचे. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या साम्राज्यात एक दारुडा, फाटका म्हातारा येऊन पडतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. डॉ. श्रीराम लागूंचा हा मास्तर कुणालाच काही शिकवत नाही. तो फक्त मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारत राहतो. पाटलाकडे पैसा, माणसे, सत्ता सगळे आहे, पण त्या एका प्रश्नापुढे ते सगळे हळूहळू उसवते.

वर्गात मी नेहमी सांगतो, की उत्तर देणारा मास्तर पुष्कळ ठिकाणी सापडतो, प्रश्न न सोडणारा विरळा. ‘सामना’तला मास्तर स्वतः मोडलेला आहे. व्यसनी आहे, थकलेला आहे. म्हणून तर तो मला खरा वाटतो. विचारायला माणूस आधी निर्मळ असावा लागतो, अशी अट तेंडुलकरांनी ठेवली नाही.

कोल्हापुरात उतरल्यावर अंबाबाईचे दर्शन घेऊन खरी कॉर्नरला गेलो. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. चौकातून जाणाऱ्या गर्दीतले फार थोडे वर पाहतात. याच गावात बाबूराव पेंटर यांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल या मंडळींनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली, ती इथेच. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) इथलाच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, पण कोल्हापूरचा सिनेमा थांबला नाही. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलीत जळाला आणि त्यांनी तो पुन्हा उभारला. त्याच जयप्रभाची जागा विकली गेल्याचे २०२२ मध्ये बाहेर आले, तेव्हा कलावंत आणि तंत्रज्ञ तिथे आंदोलनाला बसले होते. मी बाहेरूनच पाहून आलो.

बाबांचा चित्रपट म्हणजे ‘पिंजरा’. कोल्हापुरात जन्मलेल्या शांतारामबापूंनी सत्तरीला आल्यावर तो काढला. कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटलांचे, संगीत राम कदमांचे. गाणी लिहिली जगदीश खेबूडकरांनी, आणि ते स्वतः पेशाने शिक्षक. तमाशाच्या गाण्यांनी अख्खा महाराष्ट्र डोलायला लावणारा माणूस दिवसा वर्गावर शिकवत होता, ही गोष्ट बाबा फार खुशीत सांगायचे.

‘पिंजरा’तले गुरुजीही डॉ. लागूच. गावाला वळण लावणारे, तमाशाला गावाबाहेर घालवणारे. मग चंद्रकलेच्या, म्हणजे संध्याच्या, ओढीत ते पुरते अडकतात. एका प्रेताला आपले कपडे चढवून गुरुजी मेले असा देखावा उभा करतात आणि तमाशाच्या फडात हरकाम्या होऊन राहतात. गाव मेलेल्या गुरुजींचा पुतळा उभारते. शेवटी गुरुजींचा खून केल्याचा आरोप त्यांच्यावरच येतो. आपणच गुरुजी आहोत, एवढे म्हटले तर जीव वाचेल. पण गावाच्या मनातला पुतळा फुटेल. ते गप्प राहून फाशी पत्करतात.

बाबांनी हा चित्रपट बेळगावला येऊन पाहिला होता. जत्रेतल्या तंबूत तो गावाजवळ लागला होता, पण तमाशाच्या चित्रपटाला गुरुजी तंबूत बसलेले दिसले तर गाव काय म्हणेल, म्हणून ते आले नाहीत. आयुष्यभर गावातल्या हॉटेलात त्यांनी चहा घेतला नाही, बाजारात भावावरून हुज्जत घातली नाही, पायात चप्पल तुटली तरी अनवाणी चालले नाहीत. ते मला एकदा म्हणाले होते, ‘पिंजरा तमाशाचा नव्हे रे. पिंजरा गुरुजीपणाचा.’ तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला वाटले, बाबा शब्दांचा खेळ करताहेत. आज मीही त्याच पेशात आहे. निवृत्तीनंतर बाबा पहिल्यांदा त्या हॉटेलात शिरले, तेव्हा मालकाने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. त्यांना ते बाकड्यावर बसून हवे होते.

१९७२ या एकाच वर्षी एका रस्त्याच्या दोन टोकांच्या मुलखांत हे दोन चित्रपट निघाले. एकात मेष्ट्रुंचा शब्द इतका मोठा होतो, की त्याखाली पोरे चिरडतात. दुसऱ्यात गुरुजींची प्रतिमा इतकी मोठी होते, की तिच्याखाली गुरुजीच चिरडतात. अव्वा मुलीच्या बाजूने पाहत होती, बाबा गुरुजींच्या बाजूने. एकाच छपराखाली चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी संसार केला आणि आपापला चित्रपट सोडला नाही.

माणदेशात

शेवटचा टप्पा महामार्ग सोडून होता. मिरजेहून एसटी बदलत आटपाडीला पोहोचलो. हा माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी ‘बनगरवाडी’ १९५५ ची, तिच्यावर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. कादंबरीच्या मुळाशी आटपाडी तालुक्यातली लेंगरेवाडी आहे, असे मानतात. औंध संस्थानाच्या काळात राजाराम हा पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीत एकशिक्षकी शाळेवर येतो. पोरे मेंढरांमागे रानात असतात, शाळेत कुणी नसते. तो कुणाला सुधारायला जात नाही. पत्र वाचून दाखवतो, पैसे मोडून आणून देतो, भांडण ऐकून घेतो. हळूहळू वाडी त्याला आपला मानते. सगळे मिळून तालमीची इमारत बांधतात, पंत सरकार तिच्या उद्घाटनाला येतात. आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे पोटासाठी निघून जातात, वाडी ओस पडते.

पुस्तक वाचून गेलेल्याला मुलूख ओळखीचा वाटतो आणि नाहीही वाटत. माळ तोच, ऊन तेच, कुठे कुठे मेंढरांचे कळप. पण टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी या तालुक्यात आले आहे आणि डाळिंबाच्या बागा दिसतात. ओस पडलेल्या वाडीच्या कल्पनेने आलेल्या मला तो हिरवा पट्टा पाहून बरे वाटले. झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगराने कुठले पाव्हणे म्हणून विचारले. बेळगाव म्हटल्यावर म्हणाला, ‘लई लांबनं आलासा. आमी बी पूर्वी मेंढरं घिऊन तिकडं खाली यायचो.’ आपण ज्याला सीमा म्हणतो, तिच्यावरून याची मेंढरे चरून गेली होती.

माझ्या यादीत वरचा नंबर विचाराल तर ‘बनगरवाडी’चा. त्यातल्या मास्तराचा पुतळा उभारला जात नाही आणि त्याच्या शब्दाने कुणाचा जीवही जात नाही. त्याच्या डोळ्यांदेखत सगळे उधळून जाते, आणि तरी त्या वाडीत तो होता याने फरक पडलेला असतो. आता वर्गात कुणी सल्ला मागायला आले, की मी आधी खुर्ची पुढे ओढून देतो आणि ऐकतो. चित्रदुर्गच्या तळ्याजवळचा अव्वाचा प्रश्न तेव्हा कानात असतो.

त्या मुलाच्या वहीत मी पाच नावे लिहून दिली. त्याने विचारले, ‘सर, यात कन्नड दोनच?’ तो मुलगा घरी कन्नड बोलतो. मी म्हटले, ‘तू तुझी यादी कर, मग माझी पुरी होईल.’ त्याने खरेच करून आणली आहे. तीत मी न पाहिलेले तीन कन्नड चित्रपट आहेत, ते आता पाहायचे आहेत.

वाचकहो, आपल्यासारख्या दुभाषी घरांत अशा दोन दोन याद्या असतातच. एक आईची, एक वडिलांची, कधी आजीचीही. पुढच्या रविवारी जेवणानंतर त्यांना विचारून लिहून घ्या. कुठला चित्रपट, कुठल्या गावात पाहिला, बरोबर कोण होते, आणि कुणाची बाजू घेऊन थिएटराबाहेर भांडलात, हेही लिहा. बाबांकडून मला ‘पिंजरा’बद्दल आणखी पुष्कळ विचारायचे होते. अव्वाला मात्र आता रोज विचारतो.